चांदणीची नोट

नाही, पण ती नोट माझ्याकडे आली कुठून, हेच मला आता खात्रीनं आठवत नाही, आणि तुम्हाला सांगतो, सगळी गोची तिथंच आहे! म्हणजे मला वाटतं ती एटीएममधून आली. पण मग असंही वाटतं, की मी लोणावळ्याच्या बाजारात चिक्की घेतली, दोन हजारांची नोट दिली... तेव्हा ती गुलाबी नोट चालायची, आठवतेय ना?... आणि चिक्कीवाल्यानं जी मोड दिली तिच्यात ती होती. यशोधरा, म्हणजे माझी बायको, म्हणते, "तुम्ही चिक्की घेतलीच नव्हती. दातांमुळे तुम्हाला चिक्की चालत नाही." आता हे खरं आहे. चालत नाही. पण चालत नाही म्हणजे घेतली नाही, असं कसं सिद्ध होतं? पाहुण्यांसाठी घेतली असेल! "कुठले पाहुणे?" आता पाहुणे मला आठवत नाहीत. पण माझ्या न आठवण्यावरून पाहुणे आलेच नाहीत असं म्हणायचं का? तर ते असो. नोट आली. पाचशेची. आणि मी काय केलं? नुसती उजेडाकडे धरली. दुसरं काही नाही. नोट उजेडाकडे धरली, एवढंच!

आणि का धरली? तर आमच्या निवृत्त प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप आला होता. "सावध राहा! पाचशेच्या ज्या नोटेवर आकड्यांच्या मधोमध चांदणी छापलेली आहे ती नोट खोटी आहे. सर्वांना कळवा." आता त्या गटात सगळे पीएचडी. एक जण तर दोनदा पीएचडी. पण हे कुणी सांगितलं, कशावरून सांगितलं, असं एकानंही विचारलं नाही. मीही नाही. मी अंगठा पाठवला आणि नोटा तपासायला बसलो. आणि निघाली की हो! आकड्यांच्या मधोमध, बारीक, सुबक, चांदणी!

बाकी सगळं ठीक होतं हं, मी खोटं बोलणार नाही. उजेडात गांधीजी दिसले. हिरवी पट्टी तिरकी धरल्यावर निळी झाली. कागद करकरीत. पण तुम्हीच सांगा, जो माणूस एवढ्या मेहनतीनं खोट्या नोटा छापतो, तो सगळं ठीकच छापणार ना? सगळं इतकं ठीक आहे याचाच मला संशय आला!

मी उभा जन्म संख्याशास्त्र शिकवलं. आमच्यात दोन प्रकारच्या चुका असतात. खऱ्याला खोटं ठरवलं की पहिल्या प्रकारची, खोट्याला खरं मानलं की दुसऱ्या प्रकारची. मुलं विचारायची, "सर, दोन्ही एकदम टाळता येत नाहीत का?" मी म्हणायचो, "नाही. एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते." किती शांतपणे म्हणायचो हो! फळ्यासमोर उभं राहून, खडू हातात... नोट हातात नसताना.

नोट हातात आल्यावर कळलं. खर्च करावी तर गुन्हा. फाडावी तर, खरी असली तर, पाचशे रुपये फाडले. बँकेत न्यावी तर ते विचारणार, "कुठून आणली?" आणि कुठून आणली हे तर मला आठवत नाही, हे मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं. म्हणून मी ती विचार पूर्ण होईपर्यंत फ्रिजवर ठेवली, साखरेच्या डब्याखाली.

आता सोपान. भाजे गावचा सोपान गेली कित्येक वर्षं आम्हाला, लोणावळ्याजवळ वलवणला, दूध घालतो. भाज्याहून मोटारसायकलवर येतो, पावसात येतो, धुक्यात येतो, चहा घेतो, गप्पा मारतो. तर त्याच्या मुलीचं, सारिकाचं, लग्न ठरलं. पत्रिका घेऊन आला, पायरीवर बसला आणि म्हणाला, "सर, दोगांनी यायचं. सासरची मानसं पुन्याची हायत, लय बगनारी. पत्रावळीपासून पाव्हन्यापत्तुर समदं बगत्यात. माजं येवढंच म्हननं हाय, व्याह्यांम्होरं मान खाली जायाला नगो. तुमच्यासारखी चार शिकल्याली मानसं म्होरच्या रांगेत बसली, की बरं दिसतंय." म्हणजे बघा, मला काम काय? नुसतं बसायचं. शिकलेलं दिसायचं. एवढंसुद्धा मला जमलं नाही.

लग्नाला गेलो. मांडव भरलेला. मला पहिल्या रांगेत बसवलं, टॉवेल-टोपी दिली, शेजारी खुद्द व्याही. व्याही म्हणजे काय, चष्म्याच्या वरून बघणारा माणूस. आणि भाज्यात आहेराची एक पद्धत आहे. आहेर तिथल्या तिथं फोडतात. स्टेजच्या खाली टेबल, टेबलावर माईक, आणि टेबलामागं सोपानचा मेहुणा माऊली. त्याची लेण्यांच्या पायथ्याशी भज्यांची गाडी आहे. तर माऊली पाकीट फोडणार, नोट बाहेर काढणार आणि माईकवर पुकारणार, "मळवलीचे अमुकतमुक यांजकडून दोनशे एक रुपये!" ती नोट जाणार बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. आणि पंगती उठल्या की त्याच डब्यातून मंडपवाला, आचारी, वाजंत्री सगळ्यांचे पैसे तिथंच भागवणार. शिवाय माऊलीनं गाडीवरचा तो चौकोनी कोड आणि बोलणारा डबाही आणून ठेवला होता. म्हणजे फोनवरून आहेर केला, की डब्यातली बाई बोलायची, "एकशे एक रुपये मिळाले." पुण्याच्या मंडळींची सोय म्हणून.

मंगलाष्टकं चालू होती. मी यशोधरेला सहज विचारलं, अगदी सहज, "पाकिटात किती घातलेस?"

"पाचशे एक."

"रोख पैसे कुठून आले? कालच तर संपले म्हणालीस."

"फ्रिजवर होती की नोट. साखरेच्या डब्याखाली."

तेवढ्यात भटजी "सावधान" म्हणाले. पण मला जरा उशीर झाला होता.

तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांपुढं सगळं उभं राहिलं! माऊली पाकीट फोडणार, "वलवणचे सर यांजकडून पाचशे एक" म्हणून पुकारणार, ती नोट डब्यात जाणार, डब्यातून मंडपवाल्याकडे, तो ती व्याह्यांसमोर उजेडाकडे धरणार, आणि म्हणणार, "सोपानभाऊ, ही काय नोट दिली?" आणि सोपानची मान... तीच मान! ती खाली जायला नको म्हणून तर मला पुढं बसवलेलं! म्हटलं, उठलंच पाहिजे. अक्षता पडल्या तसा उठलो. यशोधरा म्हणाली, "कुठं निघालात? गप्प बसा." आयुष्यात मी तिचं सगळं ऐकलं, तेवढं एक ऐकलं नाही.

टेबलापाशी गेलो. ही गर्दी!

"बोला सर!"

"माऊली, आमचं पाकीट जरा परत देता का?"

आता तो माईक टेबलावर आडवा पडलेला होता, आणि तो चालू होता. हे मला कुणी सांगितलं नाही. मला वाटलं, पडलेला माईक बंद असतो. तसा काही नियम नाही, हे आता माहीत आहे. अख्ख्या मांडवात आवाज गेला, "पाकीट परत देता का?" पंगतीत वाढणारे थांबले.

"परत?" माऊली म्हणाला. "आहेर परत? सर, चुकून जादा पडलं का काय?"

"तसं नाही हो. मी फोनवरून पाठवतो. लगेच. तेवढं पाकीट द्या."

"मंग फोनचं बी येऊ द्या की! पाकीट बी ऱ्हाऊ द्या. घरचंच कार्य हाय!"

लोक हसले. मला वाटलं, आता खरं सांगितल्याशिवाय हा देणार नाही. म्हणून मी त्याच्या कानाशी वाकलो. आता त्याचा कान आणि माईक यांच्यात अंतर किती? फार नाही. आणि हळूच म्हणालो, "अहो, त्यातली नोट खोटी आहे. म्हणजे असण्याची शक्यता आहे. नक्की सांगता येत नाही."

"असण्याची शक्यता आहे" हे मी स्पष्ट म्हणालो होतो. "नक्की सांगता येत नाही" हेही म्हणालो होतो. पण लाऊडस्पीकरला शक्यता कळत नाही हो! मांडवाला ऐकू काय गेलं? "नोट खोटी आहे!"

आणि मी काय केलं होतं? नोट उजेडाकडे धरली होती. घरी. एकटा असताना.

मग जे सुरू झालं! माऊलीनं माझं पाकीट असं दोन बोटांनी उचलून दिलं, विंचू द्यावा तसं. मी खिशात घातलं. मला वाटलं, संपलं. पण मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, येकच हाय कशावरनं?" आणि टेबलावरच्या सगळ्या नोटा वर गेल्या! प्रत्येकाच्या हातात एक नोट, प्रत्येकाचं तोंड वर उन्हाकडे. ज्यांनी दिल्या ते आपापल्या ओळखायला लागले, "ती माजी न्हाई, माजी मळकी व्हती!" व्याह्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि तेही आले. ते फक्त एवढंच म्हणाले, "अस्सं."

तुम्हाला सांगतो, "अस्सं" या शब्दाइतका वाईट शब्द मराठीत दुसरा नाही.

तेवढ्यात मंडपवाला रियाज आला. लोणावळ्याचा, सालस माणूस, आवाजसुद्धा चढवत नाही. "सोपानभाऊ, राग मानू नका, पण मला कॅश नको. फोनवर टाका. मी ह्या नोटा पुढं पोरांना पगारात देणार, पोरं बाजारात देणार, धरलं तर माझ्या पोराला धरणार ना?" त्याचं बोलणं तर्कशुद्ध होतं. मी मान हलवली. ती मी हलवायला नको होती. कारण ते बघून आचारी रतन म्हणाला, "सरसुदिक व्हय म्हनत्यात. मंग मला बी फोनवरच." वाजंत्रीवाले तर वाजवायचे थांबून म्हणाले, "आमाला बी."

आणि सोपानकडे बटणांचा फोन! त्यावरून दुधाचा हिशेब तोंडी होतो, पैसे जात नाहीत. माऊलीच्या खात्यात भज्यांपुरते. पाठवणी व्हायची होती, गाडी सजून उभी होती, आणि सोपान तो पत्र्याचा डबा दोन्ही हातांत धरून मधोमध उभा. डबा भरलेला, आणि त्याचा उपयोग शून्य. तो माझ्याकडे बघत नव्हता, व्याह्यांकडेही बघत नव्हता. डब्यात बघत होता. मान खाली घालून.

मी म्हणालो, "मी देतो."

तोंडातून गेलं. मला फोनवरून पैसे पाठवायची केवढी भीती, ती तुम्हाला कशी सांगू? मी आधी एक रुपया पाठवतो. मग त्या माणसाला फोन करून विचारतो, आला का. आला म्हणाला, की उरलेले पाठवतो. आमच्या भाजीवाल्या सविताबाई आता हात जोडतात, "आबा, कोथिंबीर धाची हाय, आदी रुपाया नगा धाडू, दुकान तुंबतंय." पण सवय ती सवय. त्यातून मांडवात रेंज नाही. रेंज कुठं? तर स्टेजवर, नवरानवरीच्या बरोबर मध्ये. तिथं मी उभा राहिलो. कोणी पिन बघू नये म्हणून सत्काराचा टॉवेल डोक्यावरून फोनवर ओढून घेतला आणि आत शिरून रियाजला एक रुपया पाठवला.

"आला का?"

"आला सर. एक रुपया आला. बाकीचे?"

"थांबा. तो तुम्हालाच आला ना? नाव बघा."

"सर, मीच रियाज आहे."

फोटोग्राफरचं काम चालूच होतं. सारिकाच्या अल्बममध्ये, मावशीबरोबर, मामांबरोबर, सासरच्या मंडळींबरोबर, प्रत्येक फोटोत मध्ये एक टॉवेल आहे. तो मी.

सगळ्यांचे भागवले. रियाजचे, रतनचे, वाजंत्र्यांचे. मुलगी रडली, गाडीत बसली, गेली. आणि सोपाननं तो डबा आणून माझ्या हातात दिला. "सर, ह्यो आता तुमचा. तुमी म्हनून निभावलं." माझ्यामुळंच तर अडलं होतं, पण ते त्याच्या लक्षात यायच्या आत मी रिक्षात बसलो. यशोधरा डबा मांडीवर घेऊन शेजारी. कार्ला फाट्याशी तिनं डबा दुसऱ्या मांडीवर सरकवला. मग म्हणाली, "एक नोट परत आणायला गेला होतात."

आता तो डबा! बँकेत भरायला पाहिजे. पण मी नियम वाचलेला. एका वेळी चार नोटांपर्यंत खोट्या निघाल्या, तर लगेच गुन्हा नोंदवत नाहीत. पाचवी निघाली, की पोलीस. मग शहाण्या माणसानं काय करावं? चारच नोटा न्याव्यात! चारच्या चारही खोट्या निघाल्या तरी माणूस संध्याकाळी घरी. हे मला इतकं निर्दोष वाटलं, की मी ते यशोधरेला कागदावर मांडून दाखवलं. तिनं त्या कागदावर भाजी निवडली.

बँकेत समीक्षा म्हणून मुलगी आहे काउंटरला. पहिल्या दिवशी तिनं नोटा घेतल्या, पावती दिली. नंतर म्हणायला लागली, "सर, आज पण चारच?"

"चारच."

"सगळ्या एकदम भरा ना सर. रोज रांगेत उभे राहता."

"नको. नियम आहे."

"कुठला?"

"तुमचाच."

मग एक दिवस मॅनेजरनं आत बोलावलं. पाणी दिलं. "सर, गैरसमज नको, पण हे पैसे कसले?"

"आहेराचे."

"अरे वा! कुणाचं लग्न?"

"दूधवाल्याच्या मुलीचं."

"मग आहेर तुमच्याकडे कसा?"

मी म्हणालो, "मी नोट उजेडाकडे धरली होती." ते म्हणाले, "आणखी पाणी घ्या."

डब्यातली एकही नोट खोटी निघाली नाही. एकही! फक्त ती, चांदणीची, मी भरली नाही. धाडस झालं नाही. ती पाकिटातच राहिली, पाकीट कपाटात. आणि सोपान दूध घालत राहिला, पण पायरीवर बसेना. "घाई हाय सर," म्हणायचा. चहा नाही, गप्पा नाहीत. कॅन उघडायचा, दूध ओतायचा, निघायचा. मी मनात म्हणायचो, ही मान मी खाली घालायला लावली. रात्री... जाऊ द्या.

मधे वर्षं गेली. दोन हजारांची नोट गेली. सारिकाचा मुलगा बालवाडीत जायला लागला. आणि एक दिवस वाचता वाचता माझ्या हाताला लागलं. रिझर्व्ह बँकेचा खुलासा! तसा जुनाच, आमच्या गटावर तो कधी आलाच नव्हता. चांदणीची नोट चालते. छापताना एखादी नोट खराब झाली, की तिच्या जागी दुसरी घालतात, आणि तिला ओळखायला चांदणी. एवढंच! मी पुन्हा वाचला. उलटा वाचला. माझा माझ्यावर विश्वास नाही, म्हणून यशोधरेकडून मोठ्यानं वाचून घेतला. तरीही नोट घेऊन समीक्षाकडे गेलो. तिनं ती यंत्रात घातली, यंत्र काही बोललं नाही, आणि ती म्हणाली, "जमा झाली सर. आज एकच?"

मी तडक भाज्याला. म्हटलं, एवढं ओझं उतरवायचंच! सोपान गोठ्यात होता. मी दारातूनच ओरडलो, "सोपान, नोट खरी होती! खात्री करून आलोय! तुमच्या मांडवात खोटी नोट आलीच नव्हती!"

तो धारेवरून ताडकन उठला. आधी बाहेर बघितलं, मग मला दंडाला धरून आत ओढलं.

"सर, हळू! घरात व्याही आल्यात!"

"मग चांगलंच आहे! त्यांनाच सांगतो..."

"आवो, नगा!" तो माझ्यापुढं अक्षरशः आडवा झाला. "म्या तुमच्याकडं बसत न्हवतो ते ह्याच भ्यानं, की तुमी येवढं शिकल्यालं, कदीतरी ती नोट खरी करून दावशाल. आवो, व्याही त्या दिसापासनं समद्या पुन्याला सांगत सुटल्यात. आमच्या सुनंच्या लग्नात येवढा आहेर पडला, येवढा पडला, की खोटी नोटसुदिक घावली! गरिबाच्या मांडवात कोन खोटी नोट घालतंय? जितं ढिगानं पैका, तितंच ती खपती. वर सांगत्यात, डबा घिऊन जायाला येक प्रोफेसर आल्ता, त्यानं मोजायला म्हयना घातला! पोरीला सासरी लय मान हाय सर, त्या नोटंवर. तुमी ती आता खरी केली, तर आमी काय ऱ्हायलो? चारचौगांसारकं लगीन!"

मी आत गेलो. व्याह्यांनी चष्म्याच्या वरून बघितलं, ओळखलं, उठून उभे राहिले. शेजारच्यांना म्हणाले, "हेच ते." आणि मला म्हणाले, "काय सर, तेव्हाची ती नोट... खोटी म्हणजे अगदी खोटीच होती ना?"

सोपान दारात उभा होता. मान वर.

"अगदी," मी म्हणालो. "मी स्वतः उजेडाकडे धरली होती."

दुसऱ्या दिवशी सोपान पायरीवर बसला. दोन कप चहा प्याला. तेव्हा तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका: नोट खरी होती.